नकाशावर पाच खुणा, दिसते मात्र एकच

प्रश्न : पुण्यातले मानाचे पाच गणपती दाखवणारं अँड्रॉइड ॲप करतोय. गूगल मॅप्सवर यादीतून पाच मार्कर (खुणा) टाकतो, पण फक्त शेवटचा केसरीवाडा दिसतो. बाकीचे कुठे जातात?

उत्तर : बहुधा ‘मॅप.क्लिअर’ ही नकाशा पुसणारी ओळ लूपच्या, म्हणजे यादीतल्या प्रत्येक जागेसाठी पुन्हा चालणाऱ्या कोडच्या, आत आहे, त्यामुळे प्रत्येक फेरीत आधीचा मार्कर पुसला जातो. ती लूपच्या आधी एकदाच लिहा. तशी ओळ नसेल, तर तुम्ही एकच मार्कर बनवून त्याची जागा बदलत आहात. प्रत्येक फेरीत नवी खूण टाकणारं ‘ॲडमार्कर’ नव्याने बोलवा.

मार्कर अजिबातच दिसत नसतील, तर आकड्यांचा क्रम तपासा. ‘लॅटलंग’मध्ये (जागेचे आकडे ज्यात देतात त्यात) आधी अक्षांश, मग रेखांश: पुण्यासाठी 18.52, 73.85. जिओजेसन (नकाशावरच्या जागा साठवण्याचा एक प्रकार) फाइलीत मात्र रेखांश आधी असतो. आकडे जसेच्या तसे उचलले, की कसबा गणपती थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात!

हे पाचही गणपती जवळजवळ आहेत, झूम 10 वर खुणा एकमेकींवर चढणारच. झूमचा आकडा हाताने ठरवत बसू नका. लूपमध्येच प्रत्येक बिंदू ‘लॅटलंगबाउंड्स’च्या (सगळे बिंदू मावतील अशा चौकटीच्या) बिल्डरला द्या आणि शेवटी ‘न्यूलॅटलंगबाउंड्स’ने कॅमेरा हलवा, कडेला 100 पिक्सेल सोडून. नकाशाची मांडणी पूर्ण होण्याआधी हे केलं तर ॲप बंद पडतं, म्हणून ही ओळ नकाशा तयार झाल्यावर चालणाऱ्या ‘ऑनमॅपलोडेड’मध्ये ठेवा.

शेकडो मंडळं दाखवायची असतील तेव्हा क्लस्टरिंगकडे, म्हणजे जवळच्या खुणा एकत्र करून दाखवण्याकडे, वळा. पाचांसाठी तो खटाटोप कशाला?