‘कोहॉर्ट’ आला कुठून?

प्रश्न : वैद्यकीय संशोधनात ‘कोहॉर्ट’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा मूळ अर्थ काय?

उत्तर : लॅटिन ‘कोहोर्स’ म्हणजे कुंपण घातलेलं आवार, गुरांचा वाडा. बाग या अर्थाचा ‘होर्तुस’ त्याचाच नातलग. पुढे आवाराचं नाव आतल्या जमावाला मिळालं. ‘अख्खं गाव लोटलं’ म्हणताना आपणही माणसंच मोजतो, तसंच हे. मग ते रोमन सैन्यात गेलं. तिथे एका कोहोर्समध्ये, म्हणजे तुकडीत, ६ शतकी, म्हणजे छोटी पथकं, असत. नाव शतकी, पण प्रत्येकीत साधारण ८० सैनिक, म्हणून एकूण ६०० नव्हे, ४८०. अनेकांचा हिशेब इथेच चुकतो. अशा १० तुकड्यांचं एक लीजन, म्हणजे मोठं सैन्यदल, होई.

इंग्रजी ‘कोर्ट’सुद्धा याच शब्दातून, फ्रेंचमार्गे आला. ‘कोर्टयार्ड’सारख्या शब्दात त्याचा अंगण हा मूळ अर्थ अजून शाबूत आहे, हे विशेष सुंदर.

संशोधनात मात्र कोहॉर्ट म्हणजे समान वैशिष्ट्याचा, उदाहरणार्थ एकाच वर्षी जन्मलेल्यांचा, काही काळ मागोवा घेतला जाणारा गट. तिथे एकट्या व्यक्तीला कोहॉर्ट म्हणू नये.