गिस्कार्ड: धूर्त, कावेबाज की बेरकी?

प्रश्न असा आला आहे: दक्षिण इटली जिंकणाऱ्या रॉबर्ट गिस्कार्ड या नॉर्मन सरदाराबद्दल लिहिताना 'गिस्कार्ड' हे आडनाव धरावं का, आणि त्याचा अर्थ 'धूर्त' दिला तर चालेल का?

आडनाव नाही. घराणं ओतव्हीलचं, नॉर्मंडीतलं. त्यामुळे 'गिस्कार्ड घराणे' असं लिहू नये. हे टोपणनाव आहे. फ्रेंच उच्चारात शेवटचा 'ड' नाही, इटालियनमध्ये ते 'ग्विस्कार्दो' होतं. मराठीत इंग्रजी वळणाचं 'गिस्कार्ड' रुळलंय, तेच राहू द्या.

शब्दाचं मूळ जर्मानिक, 'शहाणा' या अर्थाचं. इंग्रजीतला 'वाइज' त्याच गोत्रातला. मागचा 'आर्ड' मात्र साधा नाही. 'ड्रंकर्ड' (दारुडा), 'कॉवर्ड' (भित्रा) यांतही तोच प्रत्यय आहे, शब्दाला वाईट छटा देणारा. म्हणजे शहाणपण, पण समोरच्याला महागात पडणारं. ('दीडशहाणा' अजिबात नको. त्यात फजिती स्वतःची होते.)

आता माणूस पाहा. बाप तांक्रेद, त्याला बारा मुलगे, वाट्याला येईल अशी जमीन तुटपुंजी. थोरले सावत्र भाऊ आधीच इटलीत जाऊन सरदार झालेले. रॉबर्ट १०४७ च्या सुमाराला तिथे पोचला तेव्हा भाऊ द्रोगोने त्याला कलाब्रियातली एक हिवतापाची गढी देऊन वाटेला लावलं. पुढची काही वर्षं त्याने गुरं हाकलून नेणं, माणसं धरून खंडणी उकळणं यावर काढली. बिझिन्यानोच्या धनाढ्य पीटरला बोलणी करायला बोलावलं आणि तिथेच उचलून नेलं. खोटी अंत्ययात्रा काढून, तिरडीत तलवारी लपवून एक मठ घेतल्याची कथाही अपुलियाचा विल्यम सांगतो. हाच कवी म्हणतो की सिसेरो किंवा युलिसिसही इतके चतुर नव्हते, म्हणून हे नाव.

मोंते कसीनो मठातला इतिहासकार आमातुस याच्या मते मात्र नाव पाडलं जिरार्द या सरदाराने. त्याने आपली आत्या आल्बेरादा रॉबर्टला दिली आणि लग्नाबरोबर २०० स्वार. म्हणजे हाक कौतुकाची होती, शिवीची नव्हे.

म्हणूनच 'कावेबाज' मला पटत नाही. आपल्याकडे गंमत अशी की 'गनिमी कावा' अभिमानाने सांगतात, पण 'कावेबाज' म्हटलं की माणूस वाईटच. 'चतुर' फारच सोवळा. 'धूर्त' १०५९ च्या रॉबर्टला शोभतो: तोवर त्याने भाऊ हम्फ्रीमागून पुतण्याला डावलून सरदारी घेतली होती, जवळचं नातं असल्याचं कारण काढून आल्बेरादाशी लग्न रद्द करवून सालेर्नोच्या राजकन्येशी, सिकेलगाइताशी, लग्न लावलं होतं. सहा वर्षांपूर्वी चिवितातेच्या लढाईत नॉर्मनांनी पोप नववा लिओ याला कैद केलं होतं. आता मेल्फीत पोप दुसरा निकोलस याने रॉबर्टला अपुलिया, कलाब्रिया आणि अजून हातात न आलेल्या सिसिलीचा ड्यूक केलं. हे राजकारण, त्याला 'धूर्त' ठीक.

पण टोपणनाव पडलं ते आधी, गढीतल्या दिवसांत. तिथे 'बेरकी' हाच शब्द बसतो. त्यात सावधगिरीही आहे आणि थोडं हसूही. लेखात पहिल्या उल्लेखाला 'ओतव्हील घराण्यातला रॉबर्ट, ज्याला लोक गिस्कार्ड, म्हणजे बेरकी, म्हणत' असं लिहा आणि पुढे नुसतं 'रॉबर्ट' किंवा 'गिस्कार्ड' चालेल.