कोरडी पिशवी

नाशिक

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. इन्व्हर्नेसहून निघून स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याचा फेरा, भाड्याची मोटारसायकल, सोबत तंबू, आणि सुमारे ८३० किलोमीटर तीन दिवसांत. जरूर जा. पण तीन दिवस नकोत, आठ ठेव. का, ते सांगतो.

‘पावसाचं काय काका, आपण इगतपुरीच्या पावसात वाढलेली माणसं’ असं तू लिहिलंयस. खरंय, इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर कोसळतो, आणि ऐन जुलैत कसारा घाटात तुझी गाडी मी पाहिलीय. पण आपला पाऊस कोमट असतो. चिंब भिजायचं, घोटीला टपरीवर चहा मारायचा, घरी येऊन कपडे बदलायचे. तिकडे जुलैतही पावसात पारा १०-१२ अंशांवर येतो, वर समुद्राचा वारा, आणि संध्याकाळी घर नसतं. भिजलेल्या माणसाची आधी बोटं जातात.

माझी गेली होती. स्कॉटलंडमध्येच, फोर्ट विल्यम गावाच्या अलीकडे, दिवसभराच्या रिपरिपीनंतर. बोटं ब्रेकच्या लिव्हरवर आहेत हे डोळ्यांना दिसत होतं, दाब किती पडतोय ते हाताला कळत नव्हतं. गाडी थांबली, पण वळणाच्या पार पुढे. रात्री सामान सोडलं तर पिशवीच्या चेनमधून पाणी शिरलेलं, स्लीपिंग बॅग ओलीगच्च. ती पिसांची होती. पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात, ऊब राहत नाही. ती रात्र मी बसून काढली.

म्हणून सगळ्या सामानात एक पिशवी पवित्र मान. तोंडाला तीन घड्या घालून बंद होणारी, चेन नसलेली. तीत स्लीपिंग बॅग (सिंथेटिक घे, भिजली तरी थोडी ऊब धरते), एक जोड कपडे, लोकरीचे मोजे. तंबूत शिरल्याशिवाय ती उघडायची नाही. आणि सकाळी, कितीही जिवावर आलं तरी, कोरडे कपडे काढून पुन्हा कालचे ओलेच चढवायचे. हे फार जड जातं, पण तेवढं पाळलंस तर रोज रात्री झोप मिळेल. हातमोजे दोन जोड ठेव.

तंबू घेताना वरचं कव्हर आधी किंवा आतल्यासकट एकदम उभं राहतं का, ते बघ. आतला भाग आधी लावावा लागला तर कव्हर चढेपर्यंत तळ्यात झोपायची तयारी. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तिथेच घे. चूल तंबूच्या आत कधीही पेटवू नकोस, विषारी वायूने माणूस झोपेतच जातो.

तिथे २००३च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू ठोकायचा हक्क आहे. पण तो पायी माणसाचा, गाडीचा नाही. गाडी रस्त्याकडेला नीट लावायची, रानात घालायची नाही. स्टँडखाली चपटा केलेला पत्र्याचा डबा ठेव, नाहीतर भुसभुशीत मातीत रुतून गाडी आडवी होईल. ओढ्याकाठची हिरवळ मोह घालते, तिथे नको. वारा लागेल अशा उंचवट्यावर लाव, कारण वारा पडला की मिज नावाची चिलटं झुंडीने येतात. डोक्यावरून घ्यायची जाळी नाशिकहूनच ने.

रस्ते डावीकडूनच, आपल्यासारखे. पण कितीतरी ठिकाणी एकच गाडी जाईल एवढे. समोरून कोणी आलं की डावीकडच्या रुंद जागेत शिरायचं. ती जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं. तिथे फोटोसाठी गाडी लावू नकोस. गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी जाळ्या बसवलेल्या असतात, पावसात त्या साबणासारख्या. सरळ जायचं, त्यांच्यावर ब्रेकही नाही, झुकणंही नाही. ‘बेलाख ना बा’ नावाचा घाट ६२६ मीटरपर्यंत चढतो. ढग उतरलेले असतील तर खाली किनाऱ्याने जा. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भर. पाऊस चेनचं तेल धुऊन नेतो, रोज संध्याकाळी लाव.

या रविवारी तंबू घेऊन ये. त्र्यंबकजवळ पहिन्याला पाऊस लागलाय. तू भर पावसात तंबू लाव, मी घड्याळ धरून बसतो. आतली सतरंजी कोरडी राहीपर्यंत पुन्हा पुन्हा लावू.

तुझा,
काका