झाकणामुळे अळी मरत नाही

तुमचा प्रश्न असा आहे, की मुलीला सुट्टीत अळीचं फुलपाखरू होताना दाखवायचंय, कढीपत्त्यावर मोठ्या हिरव्या अळ्या दिसतायत, त्या बरणीत ठेवल्या तर जगतील का.

काही जगतील. पण मोठ्या आणि हिरव्या आणू नका, हे मी हात जोडून सांगते.

2014 चा मे. मिरजेला आमच्याकडे वन्सं मुलाला घेऊन सुट्टीला आल्या होत्या. भाच्यानं परसातल्या कढीपत्त्यावरून सहा अळ्या गोळा केल्या. चांगल्या बोटाएवढ्या, डिवचलं की डोक्यामागून केशरी दुबेळकं काढून उग्र वास सोडणाऱ्या. मी लोणच्याची बरणी धुऊन दिली. रोज कोवळा पाला, तळाशी कागद, सकाळी लेंड्या झाडणं, हे सगळं माझ्याकडे. कौतुक भाच्याचं.

चौथ्या दिवशी तीन अळ्यांनी खाणं सोडलं. आम्हाला वाटलं, आता कोष करणार. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यांच्या अंगाला तांदळाच्या कणीएवढे पांढुरके दाणे चिकटलेले. सासूबाई म्हणाल्या, अळी व्यायली! भाचा दर तासाला बाळं बघायला जायचा. बाळं आली आठवड्यानं. मुंगीहून बारीक, काळी, पंखवाली चिलटं. अळ्या तोवर वाळून गेल्या होत्या. पोरगं त्या रात्री जेवलं नाही आणि वन्सं म्हणाल्या, "झाकण लावलंस ना, गुदमरल्या बिचाऱ्या." तेव्हापासून दर दिवाळीला चकलीबरोबर हे वाक्य येतं.

अहो, अळी अंडी घालतच नाही. ती चिलटं म्हणजे गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली परजीवी जात. मादी जिवंत अळीच्या अंगात अंडी टोचते, पिल्लं आतून तिला खातात आणि वेळ झाली की कातडी फोडून बाहेर येऊन कोष विणतात, तेच ते पांढुरके दाणे. म्हणजे जे व्हायचं ते झाडावरच होऊन गेलं होतं. माझ्या बरणीत फक्त निकाल लागला. आणि त्याच बरणीतल्या, त्याच झाकणाखालच्या उरलेल्या तिघींचं काय? तिन्हींचे कोष झाले, तिन्ही लाइम बटरफ्लाय जातीची फुलपाखरं निघाली, सकाळी, चहाच्या वेळेला. पण वन्सं त्याच्या दोन दिवस आधीच परतीच्या गाडीत बसल्या होत्या. मी फोन केला तर म्हणाल्या, तीन वाचली हे नशीब.

तेव्हा अंडं आणा. कोवळ्या पानावर एकेकटं असतं, फिकट पिवळं, राजगिऱ्याएवढं. मेच्या उकाड्यात तीन-चार दिवसांत फुटतं. अळी आधी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मुलांना हे फार आवडतं. हिरवी होते ती शेवटची कात टाकल्यावर, म्हणजे तुम्हाला दिसतायत त्यांचे पंधरवड्यातले बरेचसे दिवस उघड्यावर गेलेत. कोषासाठी बरणीत काडी तिरकी ठेवा, वर पंख पसरायला जागा हवी.

अंड्यालाही परजीवी असतात, त्यामुळे खात्री मी देत नाही. बाजारचा कढीपत्ता घालू नका, फवारलेला असतो. पाला धुतलात तर पुसून घाला, बरणीत दमट राहिलं की लेंड्यांना बुरशी धरते. मेमध्ये एकूणच फुलपाखरं कमी, खरी गर्दी पावसानंतर. कढीपत्त्यावर काही सापडलं नाही तर रुईच्या पानाखाली बघा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची, प्लेन टायगर या फुलपाखराची अळी उन्हाळ्यातही मिळते. फक्त रुईचा चीक मुलीच्या डोळ्यात जाऊ देऊ नका, पानं तोडायचं काम तुम्ही करा.

आणि झाकणाला भोकं होती. दाभणानं पाडलेली. अठरा.