पावसाळ्यात लडाखचा ट्रेक जमेल का?

प्रश्न : दादा, मी ठाण्याची, वय ४६, दर रविवारी येऊरला चालते आणि कळसूबाई दोनदा केलंय. ऑगस्टमध्ये लडाखला जायचंय पण पाऊस आणि उंचीची भीती वाटते, कुठला ट्रेक करू?

उत्तर : ताई, पावसाची काळजी सोडा, हिमालयाच्या पलीकडे मान्सूनचे ढग फारसे पोचतच नाहीत म्हणून तर ते थंड वाळवंट झालंय, फक्त एखादवेळी जोराची सर येते तेव्हा नाल्यात थांबू नका. उंचीचं मात्र सिरियसली घ्या. कळसूबाई १६४६ मीटर आणि लेह शहरच जवळपास ३५०० मीटरवर, म्हणजे विमानातून उतरलात की पहिले दोन दिवस नुसता आराम, पाणी पीत राहा, डोकं दुखत असताना वर चढू नका, आणि निघायच्या आधी डॉक्टरांना एकदा दाखवाच.

माझ्या मते पहिल्यांदा शाम व्हॅली करा. लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम, तीन दिवस निवांत, मुक्काम घरगुती होमस्टेत. खिंडी सगळ्या ४००० मीटरच्या आत. उघडेबोडके पिवळे तांबूस डोंगर, चढून वर आलं की खाली अचानक जवाची हिरवीगार शेतं दिसतात, ते बघून मी खरंच खाली बसलो होतो! शुकपा म्हणजे ज्युनिपरची झाडं, गावाला नाव त्यांच्यावरूनच पडलंय, जुन्या खोडांची साल हाताला दोरीसारखी लागते. मारखा व्हॅली पुढच्या वर्षी, तिथली खिंड ५००० च्या वर आहे.

सावली कुठेच नाही हं, टोपी, गॉगल, सनस्क्रीन लागणारच.