डॉलर 85 चा की 20 चा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : सर नमस्कार. माझ्या पोराला अमेरिकेतून वर्षाला 80 हजार डॉलरची ऑफर आली आहे आणि इकडे नागपूरच्या मिहानमधली एक कंपनी 14 लाख द्यायला तयार आहे. घरात दिवसभर गुणाकार सुरू. त्याचे बाबा म्हणतात 85 ने गुणा, 68 लाख होतात, विचार काय करायचा, बॅग भर. माझा भाऊ बँकेतून रिटायर झाला, तो म्हणते पीपीपी नावाचं काही असते, त्याच्या हिशोबानं डॉलर 20 रुपयांचा, म्हणजे 16 लाखच झाले, तेवढ्यासाठी काऊन इतक्या दूर जायचं? खरा रेट कोणता धरायचा?
— एक आई, मनीषनगर

उत्तर : ताई, दोघांचाही रेट खरा आहे (85 हा 2025 च्या मध्यातला बाजारभाव धरला आहे) आणि दोघांचाही हिशोब चुकला आहे.

भाऊसाहेबांचा आकडा हवेतला नाही. पीपीपी म्हणजे क्रयशक्ती समानता, म्हणजे त्या-त्या देशातल्या भावांवरून काढलेला डॉलरचा रेट. 1968 मध्ये संयुक्त राष्ट्र आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं मिळून एक कार्यक्रम सुरू केला, आता तो जागतिक बँक चालवते. देशोदेशी जाऊन तांदूळ, शर्ट, कटिंग, घरभाडं, सिमेंट, सरकारी नोकरांचे पगार, असे शेकडो भाव गोळा करतात आणि मग काढतात की अमेरिकेत जे एका डॉलरला येते ते इथं सरासरी किती रुपयांत येते. 2017 च्या फेरीत भारताचा हा आकडा 20 रुपये 65 पैसे निघाला, बाजारात डॉलर तेव्हा 65 च्या वर होता.

पण सरासरी या शब्दाकडे नीट पाहा, कारण या रेटनं तुम्हाला बर्डीच्या बाजारात एकही दुकानदार काही विकणार नाही. 2023 मध्ये आयफोन 15 आला, सगळ्यात साधं मॉडेल तिकडे 799 डॉलर आणि इकडे 79,900 रुपये. म्हणजे फोनसाठी डॉलर झाला थेट 100 रुपयांचा! तिकडच्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो, आपल्या किमतीत 18 टक्के जीएसटी आत असते, 799 ला तेव्हाच्या 83 नं गुणून जीएसटी चढवला की 78 हजारांच्या वर जाते, म्हणजे कंपनीनं आपल्याला गरीब देश म्हणून काही सूट दिली नाही. पेट्रोलचंही तसंच, त्याच वर्षी अमेरिकेत गॅलनला साडेतीन डॉलरच्या आसपास भाव होता, लिटरला रुपयांत मांडला तर 76-77, आणि नागपुरात आपण शंभराच्या वर देत होतो.

आता कटिंग घ्या. तिकडे साध्या सलूनमध्ये टिप धरून 25 डॉलर सहज जातात, माझ्या गल्लीत शंभराची नोट दिली की काम होते आणि वरून डोक्याला चंपीही मिळते. इथं डॉलर झाला 4 रुपयांचा. एकीकडे 100 चा डॉलर, दुसरीकडे 4 चा, मधे तूरडाळ, कपडे, शाळेची फी, सगळं ढवळून तो 20 येते.

असं का होते याचं उत्तर 1964 मध्ये बलासा आणि सॅम्युएलसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी वेगवेगळं लिहून दिलं. फोन, तेल, गहू जहाजात भरून कुठंही नेता येते, म्हणून त्यांचे भाव जगभर जवळजवळ सारखे होतात, मधे टॅक्स आणि भाडं काय लागेल तेवढा फरक. कटिंग जहाजात भरता येत नाही. अमेरिकेतल्या कारखान्यात एक माणूस तासाला खूप जास्त माल काढते म्हणून त्याचा पगार मोठा, आणि मग न्हाव्यालाही त्या मानानं द्यावं लागते, नाहीतर तो खुर्ची सोडून कारखान्यात जाईल. आपल्या गल्लीतला न्हावी काही हळू कापत नाही हो, उलट जरा जास्तच झपाट्यानं कापते, पण त्याला दुसरीकडे मिळणारी मजुरीच कमी. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवतींनी 1984 मध्ये थोडं वेगळं सांगितलं, की आपल्याकडे माणसं भरपूर आणि भांडवल कमी, म्हणून ज्या कामात माणूसच मुख्य ते स्वस्त. दोन्ही धरून चाला.

म्हणून इथं सगळं किती स्वस्त असं कोणी एनआरआय पाहुणा म्हणाला की मला जरा अवघडल्यासारखं होते. भांडीवाल्या बाईचा पगार 4 रुपयांच्या डॉलरनं ठरते आणि मोबाईल ती 100 रुपयांच्या डॉलरनं घेते.

बरं, तुमच्या पोराचं. जो पैसा तो तिकडेच खर्च करणार, भाडं, जेवण, गाडी, विमा, त्याला भाऊसाहेबांचा 20 चा रेट लावा. जो पैसा वाचवून नागपूरला पाठवणार त्याला बाबांचा 85 चा, म्हणजे त्या दिवशी बाजारात जो असेल तो लावा. समजा टॅक्स आणि सगळा खर्च जाऊन वर्षाला 15 हजार डॉलर उरले, तर इथं पावणेतेरा लाख उतरतात. 14 लाखांच्या पगारातून कोणी वर्षाला एवढे मागे टाकून दाखवावे! आणि जे वाचेलच असं नाही त्याचे 68 लाख आधीच मोजून ठेवू नका. नोकरी कोणत्या शहरात आहे ते मात्र आधी विचारा, न्यूयॉर्क आणि टेक्सासचं भाडं एक नाही, तिथलं सरकार राज्याराज्यांतल्या भावपातळीचे आकडे स्वतःच छापते, पोराला ते काढायला सांगा.

प्रश्न : जागतिक बँकेची गरिबीची रेषा रोजचे 3 डॉलर आहे असं वाचलं. म्हणजे दिवसाला 255 रुपये? मग तर आमचा अर्धा मोहल्ला गरीब. आणि दुसरीकडे पीपीपीनं आपली अर्थव्यवस्था जगात तिसरी, हे कसं?
— एमपीएससीची तयारी करणारा, धरमपेठ

उत्तर : 85 नं गुणलंस ना? तिथंच गडबड झाली. जून 2025 मध्ये बँकेनं ही रेषा 2.15 वरून 3 वर नेली, पण हे डॉलर पीपीपीचे आहेत, 2021 च्या भावानं. रुपयांत ते साठीच्या घरात येतात. त्यात दिवस काढायचा म्हणजे काय ते इतवारीच्या बाजारात एक चक्कर मारून बघ, तर्री-पोह्याची प्लेट घेऊन चहा प्यायलास की दुपारपर्यंतच मामला संपला.

तिसऱ्या नंबरचं असं की 2017 च्या फेरीत पीपीपीनं भारताचं उत्पादन 8,051 अब्ज डॉलर निघालं, जगाच्या 6.7 टक्के, पुढे फक्त चीन आणि अमेरिका. आकडा खरा आहे. पण जगातली जवळपास 18 टक्के माणसं आपल्याकडे आहेत, त्यांच्यात वाटला की माणशी सहा हजार डॉलरच्या थोडा वर, तोही 20 च्या डॉलरनं मोजलेला. कच्चं तेल घ्यायला गेलो की विकणारा पीपीपी मानत नाही, त्याला बाजारातलाच डॉलर लागते. पेपरमध्ये दोन्ही आकडे लिही आणि कोणता कशासाठी ते लिही, मार्क त्याचेच.

प्रश्न : केंद्र सरकारी नोकरी, पुण्याहून नागपूरला बदली झाली, घरभाडं भत्ता कमी झाला. नागपूर स्वस्त म्हणून का?
— एक वाचक, सोमलवाडा

उत्तर : नाही हो, भावाशी त्याचा थेट संबंध नाही. शहराचा वर्ग लोकसंख्येवर ठरते, 50 लाखांच्या वर एक्स, 5 ते 50 लाख वाय. पुणे एक्समध्ये, नागपूर वायमध्ये. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासून एक्सला मूळ पगाराच्या 30 टक्के आणि वायला 20. मूळ पगार 50 हजार असेल तर महिन्याला 5 हजारांचा फटका. हिंजवडीकडचं भाडं आणि सोमलवाड्याचं भाडं यातला फरक त्याहून मोठा निघाला तर तुम्ही फायद्यातच, दोन्ही करारनामे समोर ठेवून वजाबाकी करून बघा.