गावे आणि संकुले एकाच प्रभागात असताना प्रचार कसा करावा

आपल्या नव्या संकुलातील एक शेजारी महापालिकेच्या निवडणुकीस उभे राहत आहेत, प्रभागात जुनी गावे आणि नव्या इमारती असे उघड दोन तट पडले आहेत, तेव्हा कामाला कोठून सुरुवात करावी, असे आपण विचारले आहे. कल्याण-डोंबिवलीच्या २०१५ च्या निवडणुकीत मी २७ गावांच्या पट्ट्यात एका उमेदवारासाठी काम केले होते. त्या अनुभवावरून लिहितो.

ही गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि जून २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. मतदान १ नोव्हेंबरला होते. स्वतंत्र नगरपालिका मागणाऱ्यांमध्ये बहिष्काराची भाषा चालू होती, त्यामुळे मत मागायला जाणे म्हणजे समावेशाला संमती मागणे, असाच अर्थ गावात घेतला जाई. हे आमच्या उशिरा लक्षात आले.

त्यात आमचे पहिलेच पत्रक चुकले. संकुलांतील मतदार डोळ्यांसमोर ठेवून आम्ही ‘अनधिकृत बांधकामांना आळा’ हे वचन सर्वांत वर, ठळक अक्षरांत छापले होते. एका वयस्क आगरी गृहस्थांनी ओट्यावर बसून ते सावकाश वाचले आणि विचारले, “जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या जागेवर चार खोल्या बांधल्या, त्यांच्या भाड्यावर घर चालते. त्या तोडाव्यात म्हणून तुम्हाला मत द्यायचे का?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. बेकायदा इमारतींचा प्रश्न खरा आहे आणि त्यात राहणाऱ्यांच्या जिवाला धोकाही आहे. परंतु कुटुंब वाढले म्हणून घराशेजारी खोली काढणारा गावकरी आणि रातोरात मजले चढवणारा बांधकाम व्यावसायिक यांना आम्ही एकाच शब्दात बसवले होते, हा अन्याय होता. उरलेली पत्रके आम्ही वाटली नाहीत.

दुसऱ्या पत्रकात पाणी घेतले. एमआयडीसीच्या जलवाहिनीला दाब नसला की गावातील चाळीत आणि आमच्या संकुलात एकाच दिवशी टँकरची वाट पाहिली जाई. त्या विषयावर दोन्हीकडची माणसे एका बैठकीत बसली, आणि करवाढीची गावकऱ्यांची भीतीही तेथेच प्रथम मोकळेपणाने बोलली गेली. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो: संकुलासाठी एक आणि गावासाठी दुसरे, असे पत्रक काढू देत नाही. संकुलाच्या आवारात जे बोलले जाते ते संध्याकाळपर्यंत गावात पोहोचलेले असते, आणि एकदा दुटप्पीपणाचा संशय आला की पुढची घरभेट दारातच संपते.

मात्र पत्रकाच्याही आधी मतदारयादी हाती घ्या. वाढत्या उपनगरात खरी गळती येथेच होते. महापालिकेच्या निवडणुकीसाठी नवी नावे स्वतंत्रपणे नोंदवली जात नाहीत. ठरलेल्या तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी प्रभागांनुसार विभागली जाते. आपल्या संकुलातील ज्यांचे नाव अजून परळला, घाटकोपरला किंवा गावाकडे आहे, त्यांनी नमुना क्रमांक ८ भरून ते वेळेत येथे आणले नसेल, तर प्रारूप यादीवर हरकत घेऊनही त्यांना मतदान करता येणार नाही. हरकतीने दुरुस्त होते ती प्रभागाची चूक. म्हणजे एखाद्या रस्त्यापलीकडची अख्खी इमारत शेजारच्या प्रभागात पडणे, आणि अशी चूक नव्या वस्तीत सहज होते. बहुसदस्य प्रभाग असेल तर क्षेत्र मोठे असते, त्यामुळे हे काम एकट्याने उरकत नाही. प्रत्येक इमारतीसाठी एक आणि गावातील प्रत्येक आळीसाठी तेथलाच एक माणूस नेमा.

हरकतींची मुदत मोजक्या दिवसांची असते. प्रारूप यादी प्रसिद्ध होईल त्याच संध्याकाळी तिची प्रत मिळवून वाचायला बसा, आणि त्या बैठकीला गावातील कार्यकर्त्यांनाही बोलवा. कोणते घर कोणत्या आळीत आहे हे त्यांच्याइतके अचूक आपल्याला सांगता येणार नाही.